विकत घेतलेलं स्टॉर्मट्रूपर चिलखत रीकास्ट निघालं, आता त्याचं काय करू?

चाकणची_व्हर्नियर:

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहिणार आहे, आधीच सांगते. चहा घेऊन बसा. रीकास्ट म्हणजे दुसऱ्या कारागिराचा तयार तुकडा घेऊन त्यावरूनच साचा काढून केलेली नक्कल.

मी चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. दिवसभर हातात व्हर्नियर आणि तोंडात "हा लॉट परत न्या". घरी आलं की गेली दोन वर्षं एकच वेड, स्टार वॉर्समधल्या पांढऱ्या शिपायाचं चिलखत. १९७७च्या पहिल्या सिनेमातलं, पुढच्या सिनेमांतलं गुळगुळीत नव्हे. माझी उंची पाच फूट एक इंच. कमी उंचीच्या ट्रूपरवर त्या सिनेमातच टोमणा आहे, तेव्हा तो विनोद कृपया कोणी करू नका, आमच्या ह्यांनी त्याचा कोटा संपवलाय.

आधी फोममध्ये करून पाहिलं. बोहरी आळीतून जमिनीवर घालायचे ईव्हीएचे तुकडे आणले, हीटगनने वळवले, रंग दिला. लांबून बरं दिसायचं. जवळून बघितलं की शाळेच्या गॅदरिंगमधला मावळा. मग थ्रीडी प्रिंट. पायाची नडगी छापायलाच दोन रात्री गेल्या, आणि मे महिन्यात ती गाडीच्या डिकीत विसरले तर संध्याकाळी भेंडीसारखी वाकलेली. पीएलए, म्हणजे प्रिंटचं प्लास्टिक, ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं हे कागदावर मला ठाऊक होतं. कागदावर सगळंच ठाऊक असतं.

म्हणून शेवटी ठरवलं, एबीएस प्लास्टिकच्या शीटमधून व्हॅक्यूमवर ओढलेलं (शीट तापवून, खालून हवा खेचून साच्यावर बसवलेलं) खरं किट घ्यायचं. इन्स्टावर एक विक्रेता सापडला. "सगळे साचे माझे स्वतःचे, चार वर्षं खपून केलेत." १९,५०० रुपये आणि वर कुरियर. खोक्यात हिंदी पेपरात गुंडाळलेले पांढरे तुकडे, कडा कापायच्या बाकी. आयुष्यात पहिल्यांदा मी आलेला माल न मोजता ताब्यात घेतला. आनंदाच्या भरात.

हातांचे तुकडे जोडले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: प्रत्येक हाताचे, पायाचे दोन अर्धे येतात, ते कडेला कडा टेकवून जोडायचे आणि शिवणीवर एबीएसचीच पट्टी चिकटवायची, हाताला १५ मिलिमीटर, मांडीला थोडी रुंद. फोटो ग्रुपवर टाकले. बेंगळुरूच्या एकाने पोटाच्या पट्ट्याचा फोटो मोठा करून विचारलं, "ताई, बटणांच्या पट्टीखाली डावीकडे पुटकुळी आहे का?"

होती. तीळ म्हणावा एवढी. मला वाटलं शीटखाली कचरा आला असेल. त्याने त्याच्या किटचा फोटो पाठवला. ते त्याने अमेरिकेतल्या एका कारागिराकडून सात महिने थांबून घेतलेलं. त्याच जागी तीच पुटकुळी. त्या कारागिराच्या साच्यातच ती आहे म्हणे, त्याच्या जुन्या गिऱ्हाइकांना तोंडपाठ.

आता मी मोजायला बसले. त्याने त्याची मापं दिली. पुटकुळीपासून बटणपट्टीच्या कोपऱ्यापर्यंत त्याचं ४१.८ मिलिमीटर, माझं ४१.५. नडगीची लांबी त्याची ४०२, माझी ३९९. आणि बटणांच्या कडा! त्याच्याकडे अर्ध्या मिलिमीटरची त्रिज्या असेल नसेल, माझ्याकडे दीड. साबणाची वडी चार अंघोळींनंतर दिसते तशी.

विक्रेत्याला विचारलं. आधी म्हणाला योगायोग. मग म्हणाला सगळेच असं करतात. मग ब्लॉक.

तर प्रश्न असा, की पैसे गेले ते गेले, पण या खोक्याचं काय करू? घालू? फेकू? विकू तर नक्कीच नाही. आणि दुसरं, जो मला रात्री झोपू देत नाही: मुळात डिझाइन दुसऱ्याचं, अमेरिकेतला कारागीरही परवाना घेऊन बसलेला नाही, मग त्याची नक्कल केली तर मला एवढं का लागतंय?


नतद्रष्ट:

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच दिलंत. चोरावर मोर. पहिल्याने कंपनीचं डिझाइन उचललं, दुसऱ्याने पहिल्याचं, आणि तुम्ही मधल्या चोराची बाजू घेऊन रडताय. प्लास्टिक आहे, घाला आणि मिरवा.


लीड्सवाला:

ताई, आधी अभिनंदन. मापं घेऊन रीकास्ट पकडणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली. आम्ही फोटो डोळ्याला लावून बघत बसतो.

मी इथे ५०१व्या लीजनमध्ये आठ वर्षं आहे. नवख्यांसाठी: १९९७ मध्ये अमेरिकेत साउथ कॅरोलिनाच्या अल्बिन जॉन्सनने सुरू केलेला हा हौशी मंडळींचा जगभरचा क्लब. दुष्ट बाजूचे पोशाख घालून इस्पितळात, शाळांत, निधी गोळा करायला जातो. सभासद व्हायला १८ पूर्ण लागतात, आणि पोशाखाचे फोटो पाठवून मंजुरी घ्यावी लागते. प्रत्येक पोशाखाची लेखी नियमावली आहे. कुठली पट्टी कुठे, डाव्या गुडघ्यावरच जाडी चौकट, उजव्या मांडीखालीच दारूगोळ्याची माळ, पाठीमागे पट्ट्याला राखाडी नळकांडं. उलटसुलट लावलं की परत.

क्लब स्वतः काही विकत नाही. पण रीकास्टच्या बाबतीत आमच्यातलं वातावरण कडक असतं. कुणी अशा विक्रेत्याची जाहिरात केली की बाकीचे तुटून पडतात. आणि त्याच वेळी खरं सांगतो, नकळत रीकास्ट घालून फिरणारे आमच्यातही आहेत. मी त्यांतला एक होतो. माझं पहिलं हेल्मेट असंच होतं. दोन वर्षांनी कळलं. ते आता बेसमेंटमध्ये आहे, मांजर त्यात झोपते.

नतद्रष्ट म्हणतात त्यात तथ्य नाही असं नाही. चांगले म्हणवणारे बरेच कारागीर तरी साचा कुठून आणतात? सिनेमाच्या शूटिंगमधून वाचलेले काही तुकडे संग्राहकांकडे आहेत, त्यांच्यावरून साचे काढलेले असतात. म्हणजे वंशावळ कुठेतरी उचलेगिरीपर्यंत जातेच. पण तो माणूस वंशावळ सांगतो. "अमक्या तुकड्यावरून साचा काढला, तमकी बाजू तुटलेली होती ती मी मातीत पुन्हा केली" असं. किती डुप्लिकेट काढतो, किती महिने लागतील, हेही सांगतो. तुमच्या इन्स्टावाल्याने "चार वर्षं खपलो" एवढंच सांगितलं. साच्याचा एक तरी फोटो दाखवला होता?


चाकणची_व्हर्नियर:

नाही हो. तयार मालाचेच सगळे. मीही मागितला नाही. सप्लायर ऑडिटला जाते तेव्हा पहिला प्रश्न "डाय दाखवा" असतो, आणि स्वतःच्या पैशांनी घेताना विसरले.


भट्टी_भोसरी:

मापावरून सांगतो. माझं भोसरी एमआयडीसीत व्हॅक्यूम फॉर्मिंग आहे, औषधांचे ट्रे, बिस्किटांचे ट्रे, मशीनची झाकणं. सिनेमाबिनेमा मला कळत नाही, पोराने धागा दाखवला.

४०२ चं ३९९ म्हणजे पाऊण टक्क्याच्या आसपास. एबीएस गार होताना अर्धा ते पाऊण टक्का आकसतं. म्हणजे झालं काय, तुमच्या माणसाने घेतलेल्या तुकड्याच्या आत रेझिन किंवा प्लास्टर भरलं, त्याचा साचा केला आणि त्यावर नवीन शीट ओढली. एक आकसणं जास्त. उलट केलं असतं, म्हणजे विकत घेतलेल्या तुकड्यावरूनच शीट ओढली असती, तर माल मोठा झाला असता, दोन्ही बाजूंना शीटच्या जाडीएवढा. दोन्हीत धार जाते. साच्याचा कोपरा टोकदार असला तरी त्यावरून ओढलेल्या शीटच्या बाहेरच्या अंगाला तो गोलच येतो, आणि त्या गोलावरून पुन्हा साचा केला की आणखी गोल. साबणाची वडी बरोबर बोललात.

आणखी एक बघा. खोल तुकडे, खांद्याची वाटी, गुडघा, उजेडासमोर धरा. कोपऱ्यात उजेड आरपार येत असेल तर शीट पातळ वापरलीय किंवा हीटिंग धड केलं नाही. सॅग, म्हणजे तापलेली शीट किती लोंबते ते, बघायला माणूस उभा लागतो, टायमरवर सोडून जमत नाही. आठ बाय चारची २ मिलिमीटर एबीएस शीट सहा किलोच्या वर भरते. कुणी "पूर्ण सेट तीन किलो" म्हणाला तर समजून जा.


चाकणची_व्हर्नियर:

काका, आत्ता बाल्कनीत जाऊन बघितलं. डाव्या खांद्याच्या वाटीतून शेजारच्यांच्या तारेवरची साडी कुठल्या रंगाची आहे तेही कळतंय.


काळा_कोट:

नतद्रष्टांच्या माहितीसाठी, हा वाद इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. लुकासफिल्म विरुद्ध एन्सवर्थ, निकाल २७ जुलै २०११. १९७६ साली अँड्र्यू एन्सवर्थ या माणसाने सिनेमासाठी व्हॅक्यूमवर ५० हेल्मेटं ओढून दिली होती. २००४ पासून तो जुन्या साच्यांवरून हेल्मेटं आणि चिलखतं विकायला लागला, आणि कंपनीने त्याला कोर्टात खेचलं. अमेरिकेतल्या कोर्टात तो हजरच राहिला नाही, तिथे त्याच्याविरुद्ध २ कोटी डॉलरचा एकतर्फी हुकूम झाला.

इंग्लंडमध्ये प्रश्न गमतीदार होता: हेल्मेट हे शिल्प आहे का? शिल्प ठरलं असतं तर कलाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं कॉपीराइट. कोर्ट म्हणालं, शिल्प नाही, सिनेमा बनवण्याच्या कामातली ती एक उपयोगाची वस्तू आहे. त्यामुळे इंग्लंडपुरता तो सुटला. पण त्याने काही माल अमेरिकेत विकला होता, आणि अमेरिकी कॉपीराइटचा दावा इंग्लंडच्या कोर्टात चालू शकतो असंही त्याच निकालात ठरलं. म्हणजे अर्धा जिंकला, अर्धा हरला.

आपल्याकडे १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम १५(२) आहे. नोंदणी करता येण्याजोगं पण न नोंदवलेलं डिझाइन मालकाने किंवा त्याच्या परवानगीने कारखानी पद्धतीने ५० पेक्षा जास्त वेळा काढलं, की त्यावरचा कॉपीराइट संपतो. हे फक्त माहितीसाठी, कुणी यावर धंदा काढू नका. नाव, ट्रेडमार्क, सिनेमातलं पात्र हे विषय वेगळे. आणि ताईंचा प्रश्न कायद्याचा नाहीच, असं मला वाटतं.


पेणकर:

बरोबर, नाही.

मी पेणचा. आमचा गणपतीचा कारखाना, आजोबांपासून. ट्रूपर वगैरे मला फोटो बघूनच कळलं, पण ही गोष्ट आमच्या इकडे कुणालाही विचारा.

मूर्तिकार नवीन मॉडेल करतो तेव्हा आधी शाडूत करतो. दोन महिने, कधी चार. सोंड कशी वळवायची, पितांबराच्या चुण्या कुठे मोडायच्या, उंदीर कुणीकडे बघतोय. मग त्यावरून रबरी साचा. मग वर्षभर त्या साच्यातून माल. आता समजा कुणी त्याच मूर्तीचा एक नग पंधराशेला घेतला, घरी नेऊन त्यावरून रबर काढलं, की चार महिन्यांचं काम आठ दिवसांत त्याचं. पुढच्या वर्षी तोच गणपती बाजारात दोनशे रुपये स्वस्त. ओळखणार कसं? फिनिशिंगला घासलेला असतो, रंग वेगळा, आखणी दुसऱ्याची.

२०१४ साली बाबा आणि मी दादरला माल पोचवून परत येताना एका मांडवात थांबलो. ओळीत शंभरेक मूर्ती. बाबा एकीसमोर उभे राहिले. उचलली, उलटी केली, पाटाच्या मागच्या बाजूला अंगठा टेकवला. तिथे खळगा होता. मॉडेल करताना बाबांना घाईत बोलावणं आलं होतं, मूर्ती उचलताना ओल्या शाडूत अंगठा रुतला, आणि मागची बाजू म्हणून त्यांनी तो तसाच ठेवला होता. अंगठा त्या खळग्यात बरोबर बसला. जरासा घट्ट.

तुमच्या पुटकुळीचं वाचलं आणि हेच आठवलं. गणपती काय बाबांनी शोधून काढलेला देव नाही, नतद्रष्ट भाऊ. सोंड कुणाच्या मालकीची नाही. पण ती सोंड त्या जागी वळवायला जो माणूस बसला होता, त्याच्या कंबरेचं दुखणं खरं असतं.


नतद्रष्ट:

हं. मुद्दा पोचला. "मिरवा" मागे घेतो, "चोरावर मोर" तेवढं ठेवतो.

पेणकर, मग बाबांनी काय केलं? भांडले?


पेणकर:

नाही. भाव विचारला. तेराशे सांगितला. बाबा म्हणाले, "सोंडेखाली आधार कमी दिलाय, काथ्या वाढवा, नाहीतर गाडीत तुटेल." आणि गाडीत येऊन बसले. पनवेल येईपर्यंत काही बोलले नाहीत.


चाकणची_व्हर्नियर:

पेणकर, तुमचा प्रतिसाद तीन वेळा वाचला.

आमच्याकडेही हे होतं, आम्ही त्याला इंग्रजी नाव देऊन टाकलंय. सप्लायरने दुसऱ्याचा पार्ट मोजून ड्रॉइंग काढलं की त्याला रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात आणि चहा पाजतात. मीसुद्धा मोजून दिलेत. आत्तापर्यंत त्यात कुणाचा अंगठा असेल असं मनात आलं नव्हतं. त्याबद्दल वेगळा धागा काढेन, किंवा नाही काढणार, नोकरी आहे.

खोक्याबद्दल ठरत आलंय. घालून कार्यक्रमाला जायचं नाही. पण फेकवतही नाही, सहा किलो प्लास्टिक कुठे फेकू? माझी उंची कमी असल्यामुळे नडगी, मांडी, पोट, सगळंच कापून लहान करावं लागणार आहे. या किटवर ते शिकून घेते. कुठे किती कापल्यावर गुडघा वाकतो, बसता येतं का (नाही येत, आत्ताच कळलं), संडासला कसं जायचं (विचारू नका). चुकलं तर चुकलं. मग चांगलं किट आल्यावर हात थरथरणार नाही.

आता प्रश्न. लीड्सवाले दादा, गोंद कुठला? मी झटपट चिकटणारा वापरला, तो कडक होतो आणि शिवणीशेजारी पांढरं धुकं धरतो. सोसायटीच्या जिन्यात पाय ठेवला आणि मांडी टाळी वाजवावी तशी उघडली.

दुसरं, एका मॉलमधून मुलाच्या वाढदिवसासाठी विचारणा आली आहे. दोन तास, ५,००० रुपये. "व्हाइट रोबोट" म्हणून. घ्यावेत का?


लीड्सवाला:

गोंद: ई६००० किंवा त्या जातीचा रबरी गोंद. पूर्ण धरायला दोन-तीन दिवस घेतो, पण वाकतो, आणि चुकलं तर सोलून काढता येतो. शिवणीवर लोहचुंबक दोन्ही बाजूंनी लावून दाबून ठेवायचं, मी साठ लहान चुंबकं घेतली होती. खिडकी उघडी ठेवा, वासाने डोकं धरतं, आणि तो वास तब्येतीला खरंच वाईट आहे. घासताना मास्क. हौसेपायी फुप्फुस घालवू नका.

फटी बुजवायला एबीएसचे बारीक तुकडे अॅसिटोनमध्ये विरघळवा, दुसऱ्या दिवशी दह्यासारखी पेस्ट तयार होते. भरली, वाळू दिली, घासली, की रंग तंतोतंत तोच, कारण प्लास्टिकच तेच. म्हणजे तुमचं खोकं तिथेही उपयोगी पडेल. खऱ्या किटच्या फटी खोट्या किटने भरायच्या. याबद्दल नियमावलीत काही लिहिलेलं नाही, मी मुद्दाम बघितलं.

पैशांचं मात्र स्पष्ट आहे. लीजनमध्ये यायचं असेल तर पोशाख घालून स्वतःसाठी पैसे घ्यायचे नाहीत. कुणाला द्यायचेच असतील तर त्यांनी एखाद्या संस्थेला द्यावेत. पात्र आपलं नाही, ज्यांचं आहे ते आपल्याकडे कानाडोळा करतात तो याच अटीवर. इथे एका सभासदाने शोरूमच्या उद्घाटनाला पैसे घेतले आणि महिनाभर सगळ्यांना स्पष्टीकरणं देत बसला.


भट्टी_भोसरी:

व्हाइट रोबोट!

बाई, एक विचारू का? एवढं सात महिने थांबून परदेशातून मागवायचं, वर कस्टम, त्यापेक्षा मुळापासून स्वतःच का करत नाही? माती घ्या, लाकूड घ्या, पेणकरांसारखं मॉडेल करा. फोटो बघून, मापं काढून. तुमच्या उंचीचंच करा, म्हणजे कापाकापी नको. साचा तुमचा. शीट मी ओढून देतो. पण एक अट, तुमच्या त्या खोक्यातला तुकडा साचा म्हणून घेऊन आलात तर गेटवरून परत पाठवीन.


चाकणची_व्हर्नियर:

काका, हे मनात नव्हतं. आता आहे. रात्रीचे साडेअकरा वाजलेत आणि मी पोटाच्या पट्ट्याचं ड्रॉइंग काढतेय.

पण थोडं भय वाटतं. त्या सिनेमाच्या चिलखताची माती ब्रायन म्युर नावाच्या शिल्पकाराने केली होती, डार्थ व्हेडरचा मुखवटाही त्याचाच. तो डोळ्यांनी करणारा माणूस. मी मोजणारी. मला पॉइंट झिरो फाइव्ह कळतं, फुगवटा कळत नाही. छातीचा तुकडा डावी-उजवीकडे सारखा नाही, तो मी सारखा करून टाकीन आणि मग तो ट्रूपर दिसणार नाही, फ्रिजचं दार दिसेल.


पेणकर:

माती माफ करते. चुकलं की ओलं फडकं टाका, सकाळी पुन्हा. मोजायचं शेवटी, आधी लांबून बघायचं. बाबा मॉडेलकडे आरशातून बघायचे, उलटं दिसलं की वाकडेपणा लगेच कळतो. तुमचा वाकडेपणा ठेवायचाय, तेव्हा आरशात तो दिसला पाहिजे.

शाडू नको, वाळली की तडकते, तुम्हाला नोकरी करून रोज ओली ठेवायला जमणार नाही. तेलातली माती वापरा, ती वाळत नाही. तयार झाली की त्यावरून साचा काढून प्लास्टर किंवा रेझिन ओता आणि ते भट्टीवाल्यांकडे न्या. मातीवर गरम शीट ओढली तर माती शीटबरोबर येईल.


भट्टी_भोसरी:

बरोबर. साच्याला बारीक भोकं पाडा, हवा जायला, खोलगट जागी जास्त. भोक मिलिमीटरपेक्षा मोठं नको, नाहीतर तुमची स्वतःची पुटकुळी तयार होईल. आणि साच्याच्या बाजू किंचित तिरक्या ठेवा, सरळ भिंत केली तर शीट सुटणार नाही.

हेल्मेट एचडीपीई या दुसऱ्या प्लास्टिकमध्ये करू का, असं माझ्या पोराने विचारलं. सिनेमात काही हेल्मेटं खाकी एचडीपीईची करून वरून पांढरी रंगवली होती म्हणे. रंग उडून खाकी दिसायचं. दिसणारच! एचडीपीईवर रंग धरत नाही हे आमच्या हेल्परला ठाऊक आहे. तुम्ही पांढरं एबीएसच घ्या.


काळा_कोट:

एक काळजीचा मुद्दा राहिला. बंदूक करणार असाल तर जपून. सिनेमातली ई-११ ही खऱ्या स्टर्लिंग कार्बाइनवर दुर्बीण, काउंटर आणि पट्ट्या चढवून केली होती. तीच स्टर्लिंग कानपूरच्या शस्त्रनिर्माणीत कार्बाइन १ए म्हणून बनत होती आणि आपल्याकडच्या कितीतरी हवालदारांनी खांद्याला लावलेली आहे. इतर देशांत लोकांना ते खेळणं वाटतं, इथे नाक्यावरच्या माणसाला ते ओळखीचं हत्यार वाटेल. दीड इंची पीव्हीसी पाइपची असली तरी पिशवीत बांधून न्या, मेट्रोत उघडी नको, आणि कार्यक्रमात दारावर जे तपासतात त्यांना आधी दाखवा.


चाकणची_व्हर्नियर:

बाप रे, बरं झालं सांगितलंत. सासरे पोलिसात होते, त्यांना पाइप दाखवला तर म्हणाले, "हिचं मॅगझिन डावीकडे लागतं, तू उजवीकडे लावलंयस." पाइप माळ्यावर ठेवलाय.

बेंगळुरूच्या मुलामार्फत त्या अमेरिकेतल्या कारागिरालाही लिहिलं. माझ्या मापांचे फोटो जोडले. त्याचं उत्तर तीन ओळींचं आलं: हा विक्रेता त्याला माहीत नव्हता, मापांबद्दल आभार, आणि पुटकुळी त्याच्या पहिल्या वर्षातल्या साच्यावरची, आता त्याने ती मुद्दाम ठेवलीय. मी विचारलं, तुमच्याकडून हेल्मेट घेतलं तर चालेल का, बाकीचं मी स्वतः करतेय. म्हणाला, यादीत नाव लिहितो, पुढचं वर्ष उजाडेल. लिहा म्हटलं.

मॉलला नाही म्हणून कळवलं. संस्थेला द्या म्हटल्यावर त्यांनी फोन ठेवला. आता स्पायडरमॅन बोलावलाय.

भट्टीवाले काका, साचा झाला की कधी आणू? आणि शीट मी आणायची की तुमच्याकडची?


भट्टी_भोसरी:

शीट माझ्याकडची घ्या, उरलेली असते. गुरुवार सोडून कधीही, गुरुवारी बंद. सकाळी नऊच्या आत या, हीटर तापायला वेळ लागतो. साच्याखाली सपाट प्लायवुड लावून आणा, १८ मिलिमीटरचं. पातळ आणलंत तर व्हॅक्यूममध्ये वाकतं, मग मला शिव्या घालाल.